भोंग्यानं गिळलेलं ‘नाही’

मी भोंगा बोलतोय. दचकू नका. हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही, त्यामुळे मी साधी चौकशी केली तरी भांडण काढल्यासारखं वाटतं. नगर शहरात मे महिन्याच्या दुपारी ज्यांची ज्यांची झोप मी मोडली असेल, त्या सगळ्यांची आधी माफी मागतो. यादी मोठी आहे.

माझा जन्म पत्र्याचा. ॲल्युमिनियमचा पत्रा गोल वळवून कर्णफुलासारखं तोंड काढलं, मागे एक जड डबा बसवला, की झालो मी. डब्याच्या आत एक पातळ पडदा असतो. माणूस माईकमध्ये बोलला की तो पडदा थरथरतो आणि बाहेर गाव जागं होतं. म्हणजे बघा, माझं स्वतःचं असं काहीच नाही. शब्द दुसऱ्याचे, तोंड तेवढं माझं. पण हे माझ्या ध्यानात यायला बारा वर्षं लागली. तोवर मी स्वतःला नगरच्या रंगभूमीचा आधार समजत होतो.

पंच्याऐंशी साली भीमराजभाऊ साळव्यांनी मला विकत घेतलं. भाऊ एरवी एका छापखान्यात खिळे जुळवायचे. नाटकांच्या जाहिराती तिथंच छापायच्या आणि त्या वाचायला खणखणीत आवाजाचा माणूसही तिथंच सापडायचा, म्हणून त्यांना हे दुसरं काम चिकटलं. माझी पहिली फेरी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची. त्या दिवशी भाऊंनी पांढरा सदरा घातला होता, आणि मला हार. तेव्हापासून माझं डोकं जे चढलं ते उतरलंच नाही. डोकं मला नाही, ही गोष्ट वेगळी.

आमचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. साखर कारखान्यांचे बॉयलर थंडावले, शाळांचे निकाल लागले, की जिल्हाभरची माणसं करमणुकीला मोकळी व्हायची. मग नगरात काय यायचं नाही ते विचारा. मुंबईची नाटकं, पुण्याचा ऑर्केस्ट्रा, माणूस मधोमध कापणारा जादूगार, मैदानात सर्कस, बालनाट्यं, मोटारसायकल भिंतीवरून फिरवणारे. छगनच्या रिक्षाच्या टपावर मला बांधायचे, मागच्या सीटवर बॅटरी आणि भाऊ, मांडीवर जाहिरातींचा गठ्ठा. सकाळी नऊला दिल्ली गेट, मग चितळे रोड, कापड बाजार, माळीवाडा, आणि ऊन फारच तापलं की सावेडीत एखाद्या लिंबाखाली.

भाऊंचे शब्द ठरलेले असायचे. प्रत्येक नाटक ‘तुफान विनोदी’. मेलेल्या माणसावरचं नाटक असलं तरी तुफान विनोदी. जे अगदीच रडकं असेल ते ‘काळजाला हात घालणारं’. एकदा घामानं दोन जाहिराती एकमेकींना चिकटल्या आणि आम्ही अख्ख्या कापड बाजाराला सांगत सुटलो, “पंचवीस वाघसिंहांसह, घरंदाज सुनेची, डोळ्यांत पाणी आणणारी कहाणी.” भाऊंना पत्ता नव्हता. छगन हसून हसून रिक्षा बाजूला घेऊन थांबला. मला मात्र वाटलं, लोक हसतायत म्हणजे आज आवाज चांगला लागलाय.

आता एक कबुली देतो. या बारा वर्षांत मी एकही नाटक पाहिलं नव्हतं. प्रयोग सुरू झाला की आम्ही दुसऱ्या खेळाची जाहिरात करत शहराच्या दुसऱ्या टोकाला. भाऊंनीही पाहिलं नव्हतं. कुणी विचारलं, “नाटक कसं आहे हो?” की भाऊ मला थापटून सांगायचे, “ह्यो काय म्हनतो ते ऐकलं न्हाई का?”

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे.

भाऊंची मुलगी प्रज्ञा. देवळाली प्रवरेला प्राथमिक शाळेत शिक्षिका. दर शनिवारी एसटीनं नगरला यायची. तिनं आणि तिच्या बरोबरच्या पाच-सहा जणींनी, त्यात दोन नर्सा, एक पोस्टातली, बाकीच्या शिक्षिका, मिळून एक नाटक बसवलं होतं. लिहिलंही प्रज्ञानंच. नाव ‘सरपंचबाईंची सही’. राखीव जागेवर निवडून आलेली एक बाई, कारभार तिचा नवरा करतो, तिनं फक्त कागदावर सही करायची. आणि एक दिवस ती कागद वाचायला मागते, असं ते नाटक. सरपंचबाईचं काम प्रज्ञाच करणार होती.

नगरातलं सभागृह उन्हाळाभर गोरक्षनाथशेठकडे असायचं. मुंबईची नाटकं तेच आणायचे. प्रज्ञा त्यांच्याकडे चारदा गेली. पाचव्या खेपेला शेठ म्हणाले, “सोळा तारखेचा शुक्रवार मोकळा हाय. एक खेळ करा. निम्म्या खुर्च्या भरल्या तर जूनपातुर दर शुक्रवार तुमचा. न्हाई भरल्या तर जादूवाला वाट बघतोयच.”

त्या रात्रीच्या जेवणाला घरात हा विषय निघाला, तेव्हा मी ओसरीत खुंटीला होतो.

“आबा,” प्रज्ञा म्हणाली, “आमच्या नाटकाला तुफान विनोदी म्हणू नका.”

“मग काय म्हनू?”

“जे आहे ते.”

“जे हाय ते मला काय ठाव? मी कुठं बघितलंय?”

“मग तालमीला या.”

भाऊंची बायको जयमालाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “जायचं तर जाऊन यावं की.” भाऊ गेले नाहीत. त्यांचं म्हणणं, कामं फार आहेत. मला वाटतं ते भ्यायले होते. नाटक वाईट निघालं तर तोंडावर काय सांगायचं, याला.

पंधरा तारखेला, म्हणजे प्रयोगाच्या आदल्या दिवशी, सभागृहात ऑर्केस्ट्रा होता. दुसऱ्याच गाण्याला सभागृहामागच्या डीपीचा स्फोट झाला आणि अंधार झाला. लोक शिव्या देत घरी गेले. सकाळपर्यंत वीज आली, सगळं ठीक झालं, पण शहरात बोलवा उठली की सभागृह आता आठ दिवस बंद.

शेठनी भाऊंना बोलावलं. “साळवे, गावभर फिरा आणि एकच वाक्य सांगा. आजचा प्रयोग रद्द झालेला नाही.”

इथं माझा पराक्रम सुरू होतो.

दोन दिवस माझा घसा खवखवत होता. आतल्या पडद्याला बारीक चीर गेली होती. वरच्या पट्टीतलं बोलणं चालून जायचं, पण आवाज जरा खाली आला की नुसती खरखर. मी ते लपवलं. म्हातारे गवई लपवतात तसं. म्हटलं, एवढ्या मोठ्या दिवशी आपण नाही तर कोण? आणि भाऊंची एक लकब होती. वाक्याची सुरुवात ते डोंगरावर चढल्यासारखी करायचे आणि शेवटचा शब्द हळूच खाली ठेवायचे.

तेव्हा त्या सकाळी नगर शहरानं जे ऐकलं ते असं: “रसिकहो, सभागृहातला आजचा प्रयोग, ‘सरपंचबाईंची सही’, रद्द झालेला खर्रर.”

आम्ही हे वाक्य दिल्ली गेटला सांगितलं. चितळे रोडला सांगितलं. कापड बाजारात तीनदा. माळीवाड्यात एसटी स्टँडच्या तोंडाशी उभे राहून सांगितलं, म्हणजे पारनेर आणि नेवाशाच्या गाड्यांतली माणसंही ती बातमी घेऊन गेली. भाऊंच्या कानाशी त्यांचा स्वतःचा आवाज होता, त्यांना पूर्ण वाक्य ऐकू येत होतं. छगनच्या कानाशी इंजिन. लोक मान डोलवत होते, एकमेकांना सांगत होते. मी मनात म्हणत होतो, आज अगदी घरोघर पोचतोय आपण.

आणि खरंच पोचलो होतो. बारा वर्षं मी ओरडलो आणि लोकांनी कानाआड केलं. एकदाच सगळ्या शहरानं माझा शब्द खरा मानला, तो हा.

साडेचारला आम्ही सभागृहाशी परतलो. बाहेर शेंगा विकणाऱ्या रंगुबाईंची जागा मोकळी होती. त्या कोपऱ्यावर दुसरीकडेच निघाल्या होत्या, डोक्यावर रिकामी पाटी.

“रंगुबाई, आज शेंगा न्हाईत व्हय?” भाऊंनी विचारलं.

“कुनासाठी भाजू? खेळ रद्द झाला न्हवं?”

“कुनी सांगितलं?”

रंगुबाईंनी भाऊंकडे नीट निरखून पाहिलं, ऊन लागलंय की काय म्हणून. “तुमीच की. सकाळी माज्या दारावरनं सांगत गेलात, रद्द झालेला, रद्द झालेला. मी म्हनलं, पोरीचा खेळ रद्द झाला तरी बाप कसा खड्या आवाजात सांगतोय.”

भाऊंनी छगनकडे पाहिलं. छगननं माईक चालू केला, भाऊ चार पावलं लांब जाऊन उभे राहिले आणि छगन साध्या आवाजात म्हणाला, “रद्द झालेला नाही.” मी म्हणालो, “रद्द झालेला खर्रर.”

भाऊंनी टोपी काढली, तोंडावरून फडकं फिरवलं. तिकिटाच्या खिडकीत मनकर्णा नावाची पोस्टातली मुलगी बसली होती. तिनं बोटं दाखवून सांगितलं, आतापर्यंत सतरा जण. त्यातही पाच जण नर्सांच्या घरचे.

रंगपटाच्या दारातून प्रज्ञा बाहेर आली. अंगावर सरपंचबाईचं हिरवं लुगडं, कपाळावर घाम. काय झालं ते तिला छगननंच सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार. वडिलांकडे पाहून म्हणाली, “दोन तास आहेत, आबा.” आणि आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं भाऊंच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“दुरुस्तीवाल्याकडं टाकू का?” छगन म्हणाला.

“तो सहाला देईल. मग काय उपेग?”

“मग?”

भाऊ रिक्षात बसले नाहीत. चालायला लागले. छगनला काही सुचेना, त्यानं रिक्षा पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तो मागून निघाला. वर मी. तोंड आ वासलेलं आणि आवाज शून्य. वरातीत मागून चालणाऱ्या रिकाम्या घोड्याला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

दिल्ली गेटच्या अलीकडे एका दुकानाच्या पायरीवर भाऊ उभे राहिले. सवयीनं त्यांनी हात तोंडापाशी नेला, माईक धरल्यासारखा, मग तो खाली घेतला. “रसिकहो,” ते म्हणाले आणि थांबले. कुणी वळूनही पाहिलं नाही. “तुफान,” ते म्हणाले, आणि पुन्हा थांबले. बारा वर्षांचा गठ्ठा मांडीवर नव्हता. समोर चार गिऱ्हाइकं, एक सायकलवाला, भाजी घेऊन चाललेली दोघं नवरा-बायको.

मग भाऊ अगदी साधं बोलले. घरात बोलतात तसं.

“ऐका जरा. सकाळी मी चुकीचं सांगितलं. खेळ रद्द न्हाई. साडेसहाला हाय. माझ्या पोरीनं लिहिलाय, तीच काम करती. कसा हाय मला ठाव न्हाई, मी अजून बघितलेला न्हाई. बारा वर्सं तुमाला नाटकाला जा म्हनून सांगतोय, आन् मी सोता एकबी बघितलं न्हाई. आज बघनार हाय. चला, संगट बघू.”

मला नीट ऐकू आलं. माझं तोंड बंद होतं म्हणून ऐकू आलं. या माणसाचा आवाज मी इतकी वर्षं बाहेर फेकत होतो, पण तो असा आहे हे मला माहीत नव्हतं. त्यात थोडा कंप होता. माझ्यातून गेला असता तर मी त्याची खरखर केली असती.

सायकलवाला म्हणाला, “तुमी भोंगेवाले साळवे का? आवाज वळखीचा वाटला, मानूस कधी बघितला नव्हता.”

दुकानदार पायरीवरून उठले. “साडेसहाला? दुकान जरा आधी बंद करतो.”

दोघं नवरा-बायको भाजी घरी टाकायला वळले.

असे आम्ही चितळे रोडला गेलो, तिथून कापड बाजारात. प्रत्येक ठिकाणी तेच बोलणं, फक्त दर वेळी थोडं लहान. शेवटी शेवटी भाऊ एवढंच म्हणत होते, “पोरीचा खेळ हाय. मी चाललोय. येता का?” कुणी आलं, कुणी हसलं, एकानं विचारलं यात वाघसिंह आहेत का. माळीवाड्यात स्टँडवर पारनेरची गाडी लागत होती. रांगेत एक पोक्त बाई पिशवी धरून उभी होती. ती म्हणाली, “नाव काय म्हनलात खेळाचं?” भाऊंनी सांगितलं. ती रांगेतून बाहेर आली. “मी भागूबाई. आमच्या गावची सरपंच हाय मी,” ती म्हणाली. “शेवटच्या गाडीनं जाईन. दावा कुठं हाय ते.” छगननं तिला रिक्षात बसवलं.

सभागृहाशी आलो तेव्हा पडदा वर गेला होता. मला टपावर ठेवलं तर कुणी सोडून नेईल, या धास्तीनं छगननं मला आत आणलं आणि शेवटच्या रांगेत एका खुर्चीवर ठेवलं. असं मी पहिलं नाटक पाहिलं. तिकीट न काढता, आणि प्रज्ञाचा खेळ जवळजवळ बुडवून.

निम्म्या खुर्च्या भरल्या नव्हत्या. उगाच फुगवून सांगत नाही, ती सवय मी सोडली आहे. तिसरा हिस्सा भरला असेल. पंखे कुरकुरत होते. पण प्रज्ञा बोलत होती ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं आणि ती ओरडत नव्हती. हे कसं जमतं ते मला आजही उमगलेलं नाही. सरपंचबाई नवऱ्याला म्हणते, “मी सही करते. पण आधी वाचते. मला सावकाश वाचता येतं, तुम्हाला घाई असली तर बाहेर बसा.” भागूबाई खुर्चीच्या काठावर आल्या होत्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, “व्हय की.” कुणी त्यांना गप्प केलं नाही.

भाऊ बसलेच नाहीत. दाराजवळच्या खांबाला टेकून उभे होते. हसण्याच्या जागी लोक हसले तेव्हा ते हसले नाहीत. ते लोकांकडे पाहत होते, मग प्रज्ञाकडे, पुन्हा लोकांकडे. खेळ संपल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते आणि भाऊ टोपी चुरगाळत होते.

छगन मला उचलून भाऊंच्या मागून रंगपटाशी गेला, तेव्हा प्रज्ञा तोंड पुसत होती. “कसं झालं, आबा?” तिनं विचारलं.

जाहिरातीचे शब्द भाऊंच्या तोंडाशी आले असणार. ते त्यांनी गिळले. म्हणाले, “मधी ती नदीकाठची गोष्ट जरा लांबली. बाकी मला जागचं हलता आलं न्हाई.”

प्रज्ञा हसली. इतक्या दिवसांत तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. “नदीकाठची मलाही लांब वाटते,” ती म्हणाली.

गोरक्षनाथशेठ शब्दाला पक्के निघाले, म्हणजे शुक्रवार त्यांनी दिले नाहीत. “निम्मं म्हनलं हुतं. आन् जे आले ते साळव्याच्या तोंडाकडं बघून आले,” असं म्हणून त्यांनी जादूवाल्याला बोलावलं. पण भागूबाईंनी पारनेरकडच्या त्यांच्या गावी मारुतीच्या पारासमोर खेळ लावला. तिथून शेजारच्या गावानं बोलावलं, मग नेवाशाकडच्या तिघांनी. त्या उन्हाळ्यात अकरा खेळ झाले. अकराही ठिकाणी भाऊ बरोबर गेले, आणि गावात शिरल्यावर पायी फिरून निमंत्रण द्यायचं काम त्यांच्याकडे आलं. मला नेलं नाही. मी रुसलो नाही. रुसायला चेहरा लागतो, मला नुसतं तोंड आहे.

माझा पडदा बदलला तोवर नगरच्या रस्त्यांवर कॅसेटी आल्या. कुठल्याशा स्टुडिओत एकदा बोलून ठेवायचं, आणि तेच दिवसभर वाजवायचं. तो माणूस दमत नाही, चुकत नाही, वाघ आणि सून एकत्र करत नाही. केबल टीव्हीवर खाली जाहिरातींची पट्टी येऊ लागली. नाटकं कमी झाली. छगननं रिक्षा विकून टेम्पो घेतला. माझा मागचा डबा कुणीतरी सुटा करून नेला, आणि उरला तो नुसता कर्णा, म्हणजे मी बोलायचा कायमचा थांबलो. शेजाऱ्यांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला असणार.

सध्या मी देवळाली प्रवरेला असतो. प्रज्ञा दर उन्हाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात मुलामुलींचं नाटकाचं शिबिर घेते. संध्याकाळी तालीम चालते, तिथं बल्बचा प्रकाश भलतीकडे पसरायचा, पोरांचे चेहरे दिसायचे नाहीत. भाऊंनी मला उलटं टांगलं आणि माझ्या नळीतून वायर ओवून आत बल्ब लावला. भाऊंनी आता सत्तरी ओलांडली आहे. छापखान्यातले खिळे भंगारात गेल्यापासून ते इथंच खुर्ची टाकून बसतात आणि पोरांना एकच गोष्ट शिकवतात, शेवटचा शब्द खाली टाकू नका.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. मे महिन्यात या बाजूला आलात तर संध्याकाळी शाळेत डोकावा. प्रयोग तुफान विनोदी आहे की काळजाला हात घालणारा, ते मी सांगणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी वर छताला लटकलेला असेन, तोंड खाली करून. इतकी वर्षं घसा फोडून जे जमलं नाही ते अखेर गप्प राहून जमलं. जिल्ह्याच्या रंगभूमीवर मी एकदाचा उजेड पाडलाय.

साठ वॅटचा.